आरशासमोरचा हिरो

प्रिय ताई,

पंधरा वर्षांचा मुलगा बोटांत पेन धरून आरशासमोर हिरोसारखा धूर सोडायची नक्कल करतो, टोकलं तर "अगं, ॲक्टिंग आहे" म्हणतो, म्हणून तुम्ही घरातला टीव्हीच बंद केलात. पुढे काय, असं विचारताय.

तुमची भीती उगाच नाही. पडद्यावरचं धूम्रपान पाहून मुलं सिगारेटकडे वळतात, असा स्पष्ट निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २०१२ च्या अहवालात आहे. पण टीव्ही बंद करून काय साधणार? मोबाइल आहे, मित्रांचे मोबाइल आहेत. फक्त मोठ्यांसाठीचे चित्रपट त्याला नाहीत, एवढा एक नियम ठेवा आणि त्यावर ठाम राहा. अशा नियमाचा खरोखर उपयोग होतो.

बाकीचं त्याच्याबरोबर बसून बघा. प्रवचन नको, ते या वयात कानाआड जातं. सिगारेटचा प्रसंग आला की थांबवा आणि विचारा, हा धूर एवढा छान का दिसतोय? मागून प्रकाश टाकलेला असतो म्हणून. हिरो खोकत का नाही? त्याच्या शर्टाला वास येतो, असं नायिका कधीच कशी म्हणत नाही? पुष्कळदा त्या सिगारेटीत तंबाखूही नसतो, नुसता झाडपाला असतो. आणि जमलं तर हेही सांगा: १९८३ साली हॉलिवूडचा हिरो सिल्व्हेस्टर स्टॅलोनने एका सिगारेट कंपनीसाठी काम करणाऱ्या जाहिरात संस्थेला पत्र लिहून आपल्या किमान पाच चित्रपटांत त्या कंपनीचा माल वापरायची हमी दिली होती. मोबदला, पाच लाख डॉलर! आपल्याला कुणीतरी गंडवतंय हे कळलं की या वयाची पोरं जाम चिडतात. तो राग तुमच्या कामाचा आहे.

मित्रांपैकी कुणी ओढतं का, हेही विचारा, पण उलटतपासणी न करता. "हो" म्हणाला तर लगेच मित्र तोडायला सांगू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो "नाही" म्हणेल.

आता पत्राच्या तळाशी तुम्ही घाईघाईत लिहिलेली ओळ: "हे दिवसातून दोन-तीन ओढतात, पण बाहेर जाऊन." ताई, ही ओळ सगळ्यात वर यायला हवी होती. पडद्यावरचा हिरो दोन तासांत निघून जातो, बाबा रोज समोर असतात. बाहेर जाऊन ओढलेली मुलांना कळत नाही, हा मोठ्यांचा गोड गैरसमज आहे. सोडणं सोपं नाही, डॉक्टरांची मदत लागली तर घ्यावी. आधी मुलाच्या बाबांशी बोला. टीव्ही त्यानंतर सुरू केलात तरी चालेल.