आधी एका विंगचा आकडा जुळवा

सोसायटीच्या प्रत्येक विंगची वेगळी शीट असेल आणि भाडेकरू राहतात, शिवाय थकबाकी ५००० च्या वर आहे असे फ्लॅट मोजायचे असतील, तर एक्सेलमधलं काउंटइफ्स (COUNTIFS, सगळ्या अटी पूर्ण करणाऱ्या नोंदी मोजणारं फंक्शन) वापरा. पण पहिल्या शीटपासून शेवटच्या शीटपर्यंतची रेंज त्याला एकदम देऊ नका. बेरीज करणारं सम (SUM) फंक्शन ती घेतं, काउंटइफ्स घेत नाही, एरर येते.

विंग तीन-चारच असतील तर प्रत्येक शीटचं काउंटइफ्स लिहून मध्ये अधिकचं चिन्ह टाका. सूत्र लांबलचक दिसेल, दिसू दे. चुकलं तर कुठे चुकलं ते लगेच सापडतं. शीट खूप असतील तर त्यांच्या नावांची यादी एका कॉलममध्ये करून काउंटइफ्ससोबत इनडायरेक्ट (INDIRECT, यादीतल्या नावावरून त्या शीटची रेंज घेणारं) आणि समप्रॉडक्ट (SUMPRODUCT, सगळ्या शीटचे आकडे एकत्र बेरजेत घेणारं) वापरतात. नावात मोकळी जागा असेल, उदाहरणार्थ ‘ए विंग’, तर नावाभोवती एकेरी अवतरणचिन्ह हवंच. शीटचं नाव बदललंत तर यादीतलंही हातानेच बदलावं लागेल.

आकडा कमी येतोय? सूत्राला हात लावण्याआधी डेटा बघा. ‘भाडेकरू’ या शब्दामागे एक स्पेस राहिली, तर ती नोंद मोजलीच जात नाही. डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून माणूस तासभर सूत्रच तपासत बसतो. जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिमने (TRIM) कॉलम साफ करा. रकमा मजकूर म्हणून टाइप झाल्या असतील, तर ‘पेक्षा जास्त’ ही अट त्यांनाही वगळते. दोन्ही अटींच्या रेंज सारख्याच लांबीच्या ठेवा. मग एका विंगला फिल्टर लावून आकडा ताडून पाहा, आणि नंतरच बाकीच्या शीट जोडा.