"माझ्या जागी आता खांब उभा आहे"

मुंबईत 2022 साली टॅप इन-टॅप आउटची, म्हणजे चढता-उतरताना दारातल्या यंत्राला कार्ड टेकवून भाडं भरायची बस सुरू झाली. एसटीच्या विनावाहक फेऱ्याही आता सरावाच्या झाल्यात. मी समुपदेशक; माझ्याकडे येणाऱ्या वाहकांच्या तोंडी हल्ली एकच प्रश्न असतो: "मॅडम, आता आमचं काय?" त्यातल्या एकांची गोष्ट, ओळख बदलून सांगते.

वय 51, नोकरी 26 वर्षांची. पत्नीनेच हाताला धरून आणलं होतं. रात्री दोनला उठून अंधारात बसायचे. बोलताना अंगठा नि तर्जनी सारखी मिटत-उघडत होती, जुना तिकीट-पंच हातात असल्यासारखी.

"माझ्या जागी आता दारात खांब उभा आहे. कार्ड टेकवलं की टीं वाजतं, झालं. मला दुसरं काही येत नाही."

पहिल्या तीन भेटी पगार, घराचं कर्ज, मुलीचं शिक्षण यातच गेल्या. मी विवेकनिष्ठ विचारसरणी मानणारी; धीर देण्याआधी पुरावा मागते. चौथ्या भेटीत विचारलं, "हातातला पंच जाऊन मशीन आलं, तेव्हा काय झालं होतं?"

"तेव्हाही म्हणालो होतो, संपलं सगळं."

"मग?"

बोटं थांबली. "आठ दिवसांत शिकलो. डेपोतल्या सात-आठ जणांना मीच शिकवलं. रोल कसा घालायचा, टप्पा चुकला तर काय करायचं..." बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे मी विसरलोच होतो की."

इतक्या वर्षांत मला एक पक्कं कळलंय: भीती माणसाची स्वतःबद्दलची साक्षच आधी पुसून टाकते. ती परत मिळवून देणं हे माझं काम, आणि त्या दिवशी ते साधलं.

तेव्हा नोकरी टिकली, या खेपेला टिकेलच असं नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हणून अशा प्रत्येकाला सांगते: अफवांवर रात्री काढू नका. वाहकांना पुढे कुठलं काम देणार, हे डेपोत लेखी विचारा. नियंत्रण कक्ष, चौकशी खिडकी, तिकीट तपासणी, कुठे जागा आहे ते पाहा. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर रागाच्या भरात सही करू नका; भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कर्जाचे उरलेले हप्ते आधी वहीत मांडा. मुलांनाही खरं सांगा, त्यांना बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं.

गेल्या महिन्यात ते वही घेऊन आले. आत अर्जाची पोच चिकटवलेली, खाली पत्नीच्या अक्षरात घरखर्च. उत्तर अजून आलेलं नाही.

"जाग येते अजूनही," पत्नी म्हणाल्या, "पण आता दिवा लावतो आणि दोघं मिळून हिशेब करतो."