गवतात बसलेला ससा

प्रिय बेटा,

तुझी सशाची गोष्ट परवा मिळाली. लगेच उत्तर लिहिलं नाही. गोष्ट मुलांसाठी आहे, तर आधी मुलांनाच ऐकवू म्हटलं. संध्याकाळी ओसरीवर शेजारची चार पोट्टी जमली होती. ‘ससा आपल्या बिळातून बाहेर आला,’ एवढं वाचलं आणि चौथीतला एक जण म्हणाला, “गुर्जी, ससा बिळात कुठं रायते? तो त गवतात दबून बसते.”

पोरगा खरं बोलत होता. आपल्याकडचा ससा बीळ खोदत नाही. गवतात, झुडपाच्या बुडाशी अंगापुरती जागा दाबून बसतो आणि आपण पार जवळ जाईपर्यंत हलत नाही. बिळातला ससा परदेशी चित्रांच्या पुस्तकांतून आपल्या गोष्टींत आला. त्या पोराने खरा ससा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, उडी मारताना पाहिलाय. पुढची गोष्ट त्याने ऐकली, पण भिंतीला टेकून, पाय हलवत.

तू हुशार आहेस, भाषा चांगली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. खेड्यातल्या मुलाला काही ठाऊक नाही असं धरून लिहू नकोस. वखर आणि डवरा या अवजारांतला फरक त्याला कळतो. कापूस वेचताना बोंडाचं वाळलेलं टोक नखाशी कसं टोचतं, हे त्याच्या बोटांना माहीत असतं. पुस्तकातली शाळा जूनच्या मध्याला छत्र्या घेऊन सुरू होते. आपल्याकडे विदर्भात उन्हापायी ती जूनच्या अखेरीस उघडते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर जाणं, मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, पुन्हा पुन्हा मोजणं, हे त्याला छापलेलं फार क्वचित दिसतं. दिसलं की तो बोट ठेवून शेजारच्याला दाखवतो.

आता शब्दांचं. ‘पश्चात्ताप’ तुझ्या गोष्टीत तीनदा आलाय. दुसरीतलं मूल त्या ‘श्चा’पाशी अडलं की मागचं सगळं विसरतं. ‘सशाला रात्रभर झोप आली नाही’ असं लिही, त्याला कळेल. आपल्या यवतमाळकडे कोलाम पाड्यांवरची मुलं घरी कोलामी बोलतात, गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू. यांतली एकही मराठीच्या कुळातली नाही. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली. अशा मुलासाठी मराठीच नवी असते. एकच ओळ थोडी बदलून चार वेळा आली, की चौथ्या वेळी ते आपल्याआधी म्हणतं. तेव्हा त्याचा चेहरा बघ.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. वर्गात एकदा दिवाळीचा धडा वाचत होतो. बाबा बाजारातून नवे कपडे आणतात, असं काहीसं होतं. एका मुलीने पुस्तक हळूच मिटलं. त्या वर्षी तिचे वडील गेले होते. कर्जापायी. मला ते माहीत होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर तिला बरं वाटावं म्हणून मी धीराच्या, हिमतीच्या गोष्टी शोधून आणल्या. तिने त्यांतली एकही पुन्हा मागितली नाही. मागितली ती हरवलेल्या बकरीची. अंधार पडतो, आजी कंदील घेऊन नाल्यापर्यंत जाते, बकरी सापडते. महिनाभर तीच. दरवेळी मधेच विचारायची, “सापडते ना गुर्जी?” शेवट पाठ होता, तरी विचारायची.

तिच्या दुःखावर मी गोष्ट लिहिली असती तर तिने तीही मिटून ठेवली असती, असं मला वाटतं. तू लिहिताना बाबा जरूर आण, पण कधी घर आजीचं असू दे, कधी मामाचं, कधी थोरल्या बहिणीच्या भरवशावर चालणारं.

तुझ्या गोष्टीत सशाची आई शेवटी खरं बोलायला सांगते, ते पूर्ण पान काढून टाक. त्या पानावर दोघं उठून गेली. त्याऐवजी सध्या गल्लीत भुलाबाई, पोरींचा गाण्यांचा सण, चालू आहे, तिथं जाऊन बस. गाणी संपली की खाऊचा डबा कानाशी हलवतात आणि ओळखायला लावतात. गोड की तिखट? वाटोळा की लांब? पोरी कशा पुढे सरकतात ते पाहा. तुझ्या सशाने खोटं बोलून काय लपवलं, ते तू दुसऱ्याच ओळीत सांगून टाकलंस. डबा बंद ठेव, नुसता हलव.

‘किशोर’चे जुने अंक मिळव. बालभारती तो 1971 पासून काढते. पण त्याहून जास्त वेळ मुलांसमोर मोठ्याने वाचण्यात घाल. मूल जिथं दाराकडे बघतं, तिथं पेन्सिलीने खूण कर.

रविवारी सकाळी ये. तो चौथीतला पोरगा तुरीच्या धुऱ्यावरची सशाची जागा दाखवणार आहे. गोष्ट बदलतेस का, हेही विचारत होता.

तुझे,
गुरुजी