कामात रस उरला नसेल तर तो पुन्हा कुठे सापडतो?

नऊ वर्षं एकच काम करून जीव रमेनासा झालाय, खरी आवड शोधायला नोकरी सोडावी का, असं तुम्ही विचारलंय. नोकरीचा निर्णय तुमचा. माझा रस कुठे परत सापडला, तेवढं सांगते.

मी मुद्रितशोधक आहे. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, सुटलेले शब्द. पुस्तकावर नाव लेखकाचं असतं आणि काम चोख झालं तर माझी आठवण कुणालाच येत नाही. बारा वर्षांनी याचा मला उबग आला होता. त्याच सुमारास मैत्रिणीने जॅझ ऐकायला ओढून नेलं. सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस (उभं धरून वाजवायचं, खर्जातल्या सुरांचं मोठं तंतुवाद्य), ड्रम्स, असे चौघं. मला जागा मिळाली अगदी कडेला, बेसवाल्यासमोर.

ब्लूज हा जॅझमध्ये नेहमी वाजणारा एक प्रकार. त्याचं एक आवर्तन सहसा १२ बारांचं, म्हणजे ठोक्यांच्या १२ गटांचं असतं आणि एका बारात ४ ठोके. बेसवाला प्रत्येक ठोक्याला एक सूर वाजवत होता, म्हणजे आवर्तनाला ४८. सॅक्सोफोनवाल्याने नऊ आवर्तनं रंगवली, टाळ्या घेतल्या. बेसवाल्याचे तोवर चारशेच्या वर सूर वाजून झाले होते. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) तेच, पण एकातून दुसऱ्यात जायची वाट तो दर वेळी नवी काढायचा. डोळे सतत सॅक्सोफोनवाल्यावर. त्याने एक सूर लांबवला तसा हा खालच्या सुरावर थांबून राहिला, आणि दोघंही एकदम हसले. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रेकॉर्डिंगमध्ये हे दिसत नाही, म्हणून प्रत्यक्षच बघा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आवड आधी मनात असते आणि मग तिला साजेसं काम शोधायचं, असं मी तोवर धरून चालले होते. हा माणूस कान देऊन ऐकत होता आणि त्या ऐकण्यातूनच त्याला वाजवायला काहीतरी मिळत होतं.

(जॅझ सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांचंही इथे सांगायला हवं. १९५९ साली, नाव गाजत असताना, आपलं वादन आपल्यालाच पटत नाही म्हणून त्यांनी कार्यक्रम थांबवले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास रियाज करायचे. १९६१ पर्यंत हे चाललं. पुलावर त्यांना टाळ्या कोण देणार होतं?)

दुसऱ्या दिवशी टेबलावर एका कादंबरीची प्रुफं होती. लेखकाची बरीच वाक्यं ‘आणि’ने सुरू व्हायची. एरवी मी ते सरळ खोडलं असतं. त्या दिवशी पानं मोठ्याने वाचली, आणि जिथे पात्राला दम लागतो तिथेच तो ‘आणि’ येतोय हे कानांना कळलं. दोन ठिकाणी मात्र तो नुसता सवयीने आला होता. त्या दोन जागांवर पेन्सिलने खूण करून मी लेखकाला फोन लावला. आम्ही तासभर बोललो.

तुम्ही गेलात तर बेसवाल्याच्या बाजूला बसा.