रिपोर्टची सरासरी वेळ कमी होऊनही तक्रारी का थांबत नाहीत

रेडिओलॉजी विभागातील रिपोर्टची सरासरी वेळ बरीच खाली आली, तरीही कॅज्युअल्टी आणि वॉर्डातील डॉक्टरांच्या तक्रारी तशाच आहेत, तेव्हा मोजण्यात काय चुकते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पहिला दोष सरासरीचाच आहे. दहापैकी आठ रिपोर्ट एका तासात आणि दोन अकरा तासांनी गेले, तर सरासरी तीन तास येते. प्रत्यक्षात तीन तास कोणालाच लागलेले नसतात आणि तक्रार असते ती त्या दोघांची. म्हणून मध्यक (सर्व वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) आणि दहापैकी नऊ रिपोर्ट किती वेळात गेले, असे दोन आकडे मांडावेत. तेही कॅज्युअल्टी, वॉर्ड आणि ओपीडीचे स्वतंत्रपणे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे वेळ कुठून मोजायची. बहुतेक ठिकाणी 'स्कॅन पूर्ण' या नोंदीपासून मोजतात, आणि गर्दीच्या वेळी तंत्रज्ञ चार-पाच रुग्ण आटोपल्यावर ती नोंद एकदम करतो, त्यामुळे विभाग कागदावर वेगवान दिसतो. शेवटची प्रतिमा पॅक्समध्ये, म्हणजे स्कॅनच्या प्रतिमा साठवणाऱ्या संगणक प्रणालीत, किती वाजता आली, याच्याशी ती नोंद ताडून पाहा. स्कॅनच्या आधीचा वेळही मोजायलाच हवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताची गुठळी विरघळवण्याचे उपचार घेऊ शकतील अशा पक्षाघाताच्या निदान निम्म्या रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन रुग्णालयात आल्यापासून २० मिनिटांत व्हावे, असे उद्दिष्ट होते. तिथे रिपोर्ट टाइप होण्याचा वेग पुढचा.

याउलटही घडते. रात्री २.१० ला सीटी झाला, निवासी डॉक्टरांनी मेंदूतील रक्तस्राव २.२५ ला फोनवर कळवला, पण वरिष्ठांची सही सकाळी ९.४० ला झाली, तर संगणक साडेसात तासांचा उशीर दाखवतो. कोणी, कोणाला, किती वाजता कळवले, याची नोंद रिपोर्टमध्येच असावी. रात्रीचा तोंडी निष्कर्ष सकाळी किती वेळा बदलला, हेही दरमहा मोजा. गुणवत्तेचा इतका बोलका आकडा मला दुसरा माहीत नाही.

रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निर्देशकांत दर हजार तपासण्यांमागे रिपोर्टमधील चुका मोजल्या जातात. ती नोंद जरूर ठेवा, परंतु टायपिंगची चूक आणि डाव्या-उजव्या बाजूची अदलाबदल एकाच रकान्यात घालू नका. निदानाच्या पडताळणीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या 'रॅडपिअर'सारखी पद्धत वापरता येते: नवा स्कॅन वाचताना सहकाऱ्याचा जुना रिपोर्ट तपासून त्याला श्रेणी द्यायची. मात्र या श्रेणी पगारवाढीशी जोडू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसे झाले की सगळेच एकमेकांना 'सहमत' देतात आणि चुका सापडण्याची वाटच बंद होते.