कंपास ग्रुपसारखी अवाढव्य केटरिंग कंपनी नैतिक आणि सामाजिक जबाबदारीत खरी आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

वार्षिक अहवालातली हिरवीगार पानं बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा: ताटात प्रत्यक्ष काय पडतं, कामगारांच्या हातात किती पडतं, आणि चूक उघडी पडल्यावर कंपनी काय करते. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी जानेवारी 2021 चं ब्रिटनमधलं प्रकरण पुरेसं आहे. लॉकडाऊनमध्ये गरीब मुलांना शाळेच्या जेवणाऐवजी शिध्याची पाकिटं दिली गेली. एका आईने त्यातल्या मोजक्या जिनसांचा फोटो टाकला. पाकीट पुरवणारी चार्टवेल्स ही कंपासचीच उपकंपनी. पाकीट पाच दिवसांचं आहे आणि पॅकिंग-वाहतूक धरून साडेदहा पौंडांचं आहे, असा खुलासा चार्टवेल्सने आधी केला. मग माफीही मागितली. मला यात आकडाच महत्त्वाचा वाटतो. साडेदहातले अन्नावर किती गेले? कंत्राटात हे वेगळं दाखवायला लावा.

कामगारांबाबत ब्रिटनच्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याखालचं निवेदन वाचा, म्हणजे स्वतःच्या कामात आणि पुरवठादारांकडे सक्तीची मजुरी रोखायला काय केलं, हे कंपनीने जाहीर सांगणं. 3.6 कोटी पौंडांच्या वर उलाढाल असली की ते सक्तीचं असतं. गंमत म्हणजे ‘आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत’ असं लिहिलं तरी कायद्याला चालतं! म्हणून निवेदन आहे का, एवढ्यावर थांबू नका. किती पुरवठादार तपासले, काय सापडलं, ते शोधा.

हे सगळं जाहीर नोंदींवरून सांगतोय. पण अशा कंपन्यांचं काम देशोदेशीच्या उपकंपन्या चालवतात, त्यामुळे ब्रिटनमधल्या एका चुकीवरून पुण्यातल्या कँटीनचा निकाल लावता येणार नाही.