वाचकांचे प्रश्न : दुकान-दवाखान्यातले दिवे आणि वीज कंपनीचा रिबेट

अमेरिकेत दुकान, दवाखाना, मोटेल किंवा गोदाम चालवणाऱ्या वाचकांकडून दिवे बदलण्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे. रिबेटची, म्हणजे वीज वाचवणारे दिवे लावल्याबद्दल वीज कंपनी परत देते त्या पैशांची, रक्कम राज्यागणिक आणि वीज कंपनीगणिक वेगळी असते, दर वर्षी बदलतेही. म्हणून आकडे दिले आहेत ते विजेचे, रिबेटचे नाहीत.

प्रश्न : दवाखान्यासाठी एलईडी ट्यूब ऑनलाइन घेऊन बसवूनही टाकल्या. आता वीज कंपनीकडे पावती पाठवली तर रिबेट मिळेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

बहुतेक करून नाही. व्यावसायिक जागेच्या बऱ्याच योजनांत आधी अर्ज, मग मंजुरी आणि त्यानंतर खरेदी, असा क्रम ठरलेला असतो. जुने दिवे जागेवर असतानाच कंपनीचा माणूस येऊन ते मोजतो किंवा फोटो मागवतो. ते काढून टाकले की आधी काय जळत होते याचा पुरावाच उरत नाही. काही ठिकाणी घाऊक विक्रेत्याच्या बिलातच सूट वळती करून मिळते. तिथे मंजुरीची गरज नसते, पण विक्रेता त्या योजनेत नोंदलेला असावा लागतो. तुम्ही घेतल्या तशा ऑनलाइन ट्यूबना ही सूट क्वचितच लागू होते.

दुसरी अडचण यादीची आहे. ट्यूब, पॅनेल, हाय-बे (उंच छताचे दिवे), पार्किंगचे दिवे या सगळ्यांसाठी बहुतेक वीज कंपन्या डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम, म्हणजे डीएलसी, या संस्थेची पात्र दिव्यांची यादी प्रमाण मानतात. खोक्यावर डीएलसीचा शिक्का आहे एवढ्यावर भागत नाही. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत यादीशी जुळावा लागतो. एकाच पॅनेलचे ४००० केल्विनचे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप) मॉडेल यादीत असते आणि ५०००चे नसते, असे होऊ शकते. यादीतून जुनी मॉडेल्स काढलीही जातात, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशी त्या पानाची प्रत काढून अर्जाच्या फाइलमध्ये ठेवा.

उरलेल्या खोल्यांचे दिवे अजून जुनेच असतील तर तेवढ्यापुरता अर्ज आत्ताच करा. न्यू जर्सीत २०१८च्या क्लीन एनर्जी कायद्यानंतर, जुलै २०२१ पासून, हे काम मुख्यतः वीज कंपन्यांकडे आले आहे. छोट्या व्यवसायांसाठीच्या ‘डायरेक्ट इन्स्टॉल’ योजनेत कंपनीने नेमलेला कंत्राटदार फुकट पाहणी करतो, आणि तुमच्या वाट्याची रक्कम बिलातून बिनव्याजी हप्त्यांनी फेडता येते. तुमच्यासारख्या एका दवाखान्यापुरत्या कामाला हीच वाट सर्वांत सोयीची.

प्रश्न : छतात चार-चार टी८ (एक इंच जाडीच्या फ्लुरोसेंट) ट्यूबची बावीस फिक्स्चर (ट्यूब बसवायच्या पेट्या) आहेत. नुसत्या ट्यूब बदलाव्यात की पूर्ण पॅनेल? इलेक्ट्रिशियन ‘टाइप बी’ घ्या म्हणतो. (दंतचिकित्सक, न्यू जर्सी)

आधी हिशेब पाहू. ३२ वॅटच्या चार ट्यूबचे फिक्स्चर साध्या इलेक्ट्रॉनिक बॅलास्टवर (ट्यूबचा वीजप्रवाह आवरणाऱ्या उपकरणावर) सुमारे ११२ वॅट घेते. त्याजागी ३८ वॅटचे पॅनेल लावले की ७४ वॅट वाचतात. बावीस फिक्स्चर आणि वर्षाचे २,५०० तास धरले तर ४,०७० युनिट. युनिटला १७ सेंट धरा, म्हणजे वर्षाला सुमारे ६९० डॉलर. १२ वॅटच्या चार ‘टाइप बी’ (बॅलास्टशिवाय थेट लाइनवर चालणाऱ्या) ट्यूब लावल्या तर फिक्स्चर ४८ वॅटवर येते आणि बचत सुमारे ६०० डॉलर होते. विजेत फरक थोडा आहे, म्हणून निर्णय इतर गोष्टींवर घ्यायचा.

‘टाइप ए’ ट्यूब जुन्या बॅलास्टवरच चालते. काम पाच मिनिटांचे, पण बॅलास्ट स्वतः वीज खात राहतो, आणि तो गेला की ट्यूब ठीक असूनही दिवा बंद पडतो. शिवाय तुमचा बॅलास्ट ट्यूब कंपनीच्या यादीत नसेल तर दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही. ‘टाइप सी’मध्ये वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, येतो. डिमिंग, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणे, चांगले होते, मजुरी मात्र पॅनेलइतकीच पडते.

‘टाइप बी’त बॅलास्ट काढून थेट लाइनचा वीजदाब होल्डरला देतात, आणि गडबड होते ती इथेच. इन्स्टंट-स्टार्ट बॅलास्टच्या फिक्स्चरमध्ये होल्डर बहुधा ‘शंटेड’ असतात, म्हणजे त्यांचे दोन्ही संपर्क आतून जोडलेले असतात. एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल मागणारी ‘सिंगल-एंडेड’ ट्यूब अशा होल्डरमध्ये बसवली की सरळ शॉर्ट सर्किट. तपासणी सोपी आहे : ब्रेकर बंद करा, ट्यूब काढा, बॅलास्टकडच्या तारा होल्डरमधून सोडवा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून होल्डरच्या दोन फटींत टोके लावा. मीटर वाजला तर होल्डर शंटेड. मग एक तर होल्डर बदला, नाही तर एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल घेणारी ‘डबल-एंडेड’ ट्यूब घ्या. काम झाल्यावर, या फिक्स्चरमध्ये पुन्हा फ्लुरोसेंट ट्यूब घालू नये, असे सांगणारा ट्यूबसोबत आलेला स्टिकर आत चिकटवलाच पाहिजे. पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाला तो एवढाच इशारा असतो.

तुमच्या बाबतीत आमचे मत पॅनेलच्या बाजूने आहे. दातांचा रंग जुळवताना रंगदर्शकता, म्हणजे सीआरआय, ९० किंवा त्याहून जास्त हवी, आणि रंगतापमान ५००० केल्विनच्या आसपास. निदान उपचाराच्या खोल्यांत तरी असे पॅनेल घ्या. स्वस्त ट्यूब बहुधा ८० सीआरआयवर थांबतात. ० ते १० व्होल्टचे डिमिंग हवे असेल तर जांभळी आणि करडी नियंत्रणतार कुठवर नेता येईल ते आधी पाहा. नव्या फिक्स्चरमध्ये करड्याऐवजी गुलाबी तार दिसेल. करडी तार चुकून न्यूट्रल समजली जाऊ नये म्हणून हा बदल झाला. सेन्सर किंवा डिमिंग जोडले तर अनेक योजनांत वेगळा रिबेट असतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बाविसांपैकी एक-दोन फिक्स्चरमध्ये आणीबाणीचा बॅटरी बॅलास्ट असतो आणि छोटे टेस्ट बटण दिसते. वीज गेल्यावर बाहेर पडण्याची वाट दीड तास उजळलेली राहावी, असा नियम आहे. जुना आणीबाणी बॅलास्ट एलईडीवर चालेलच असे नाही. त्या जागी एलईडीचा आणीबाणी ड्रायव्हर असलेले पॅनेल मागवा आणि कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी लिहून घ्या.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या न फोडता मूळ खोक्यांत भरून पुनर्वापर केंद्राकडे द्या आणि पावती ठेवा. इमारत १९७९ पूर्वीची असेल आणि बॅलास्टवर ‘नो पीसीबी’ (पीसीबी हे विषारी रसायन नाही, असे) छापलेले नसेल, तर तो बॅलास्ट वेगळा ठेवून धोकादायक कचरा म्हणून विल्हेवाटीला द्यावा लागतो.

प्रश्न : स्ट्रिप मॉलमध्ये (एका रांगेतल्या दुकानांच्या इमारतीत) गाळा भाड्याने आहे. रिबेट माझा की जागामालकाचा?

गाळ्याला स्वतंत्र मीटर असून बिल तुमच्या नावावर येत असेल तर अर्जदार सहसा तुम्हीच. सोबत मालकाचे संमतिपत्र जोडा, कारण फिक्स्चर इमारतीचा भाग धरले जातात. बाहेरच्या पाटीचे आणि पार्किंगचे दिवे मालकाच्या मीटरवर असतील तर तो अर्ज त्याने करायचा. भाडेकरारात थोडीच वर्षे उरली असतील, तर बचतीतून वसुली कधी होते ते पाहून मगच खर्च करा. नाही तर मालकाशी खर्च वाटून घेण्याची बोलणी आधी करा.

प्रश्न : कंत्राटदाराने सांगितले त्यापेक्षा चेक कमी आला. असे का होते?

कारणे ठरावीक असतात. पाहणीत बसवलेले नग अर्जापेक्षा कमी भरले. बिलावर मॉडेल क्रमांक न लिहिता नुसते ‘एलईडी पॅनेल, २२ नग’ असे लिहिले. माल संपला म्हणून कंत्राटदाराने ऐन वेळी दुसरे मॉडेल लावले आणि ते यादीत नव्हते. किंवा रिबेट कामाच्या खर्चाच्या ठरावीक टक्क्यांवर थांबतो आणि तुमचे काम स्वस्तात झाले. स्वतः केलेली मजुरी पुष्कळदा धरत नाहीत. रिबेटची रक्कम कंत्राटदाराच्या नावे लिहून दिली आहे का, तेही अर्जाच्या शेवटच्या पानावर पाहा. तसे असेल तर ती त्याच्या बिलातून वजा झालेली दिसली पाहिजे. डब्ल्यू-९ (करक्रमांक कळवण्याच्या) अर्जावरचे नाव आणि वीज खात्यावरचे नाव जुळत नसेल तर चेक अडकतो.

कराबाबत : घरगुती वीजबचतीच्या सवलतीला मिळणारी करमाफी व्यवसायाला लागू नाही. रिबेट सहसा दिव्यांच्या खर्चातून वजा करून उरलेली रक्कमच भांडवली खर्च म्हणून दाखवतात. तुमच्या सीपीएला (सनदी हिशेबनीसाला) चेकची प्रत द्या. व्यावसायिक इमारतीतल्या वीजबचतीच्या कामांसाठीची कलम १७९डी ची करवजावट ३० जून २०२६ नंतर बांधकाम सुरू झालेल्या कामांना मिळत नाही.

प्रश्न : आमचे मोटेल आहे. खोल्यांतल्या बल्बवर पूर्वी रिबेट होता, आता नाही म्हणतात. (पेनसिल्व्हेनिया)

ऑगस्ट २०२३ पासून साध्या स्क्रू बल्बला वॅटमागे किमान ४५ ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचे माप) संघीय नियम पूर्णपणे लागू झाला. तारेचे जुने पिवळे बल्ब बाजारातूनच गेले, त्यामुळे बचत मोजताना एलईडी हाच पाया धरला जातो आणि बचत कागदावर शून्य होते.

तुमचा खरा फायदा बाहेर आहे. खांबावरचा ४०० वॅटचा जुना मेटल हॅलाइड दिवा बॅलास्टसह सुमारे ४५८ वॅट घेतो. संध्याकाळ ते पहाट वर्षाला सुमारे ४,३०० तास धरा. तिथे १५० वॅटचा एलईडी लावला तर एका दिव्यामागे १,३०० हून जास्त युनिट वाचतात. पेनसिल्व्हेनियात मोठ्या वीज कंपन्यांना २००८च्या कायदा क्रमांक १२९ नुसार बचतीची उद्दिष्टे दिलेली आहेत, त्यामुळे अशा दिव्यांचा रिबेट तुमच्या कंपनीकडे जरूर विचारा. ऑर्डर देण्याआधी खांबाच्या बुडाशी वीजदाब मोजून घ्या. पार्किंगला १२०, २०८, २४०, २७७ किंवा ४८० व्होल्ट, यांपैकी काहीही असू शकते, आणि २७७पर्यंतचा ड्रायव्हर ४८० वर लावला तर पहिल्याच रात्री जळतो.

प्रश्न : पुण्यात आमची व्यावसायिक इमारत आहे, जोडणी उच्चदाबाची. तिथेही हाच हिशेब धरावा का?

नाही. तिथे रिबेटवर विसंबून न राहता बिलावर हिशेब करा. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर-तास) पद्धतीने बिल येते, म्हणजे पॉवर फॅक्टरचा (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) फटका थेट युनिटवर बसतो. ०.५ पॉवर फॅक्टरचा २० वॅटचा दिवा ४० व्होल्ट-अँपिअर खातो. एका दिव्याचे काही वाटत नाही, पण मजल्यावर चारशे दिवे असले की फरक पडतो. कोटेशनमध्ये ०.९ किंवा जास्त पॉवर फॅक्टर लेखी मागा, आणि एक नमुना दिवा आणून वॅट आणि व्होल्ट-अँपिअर दोन्ही दाखवणाऱ्या मीटरवर मोजून मगच उरलेली ऑर्डर द्या.